वड्याच्या तेलावर जीप धावते, पण किती दिवस?

नारायणगावच्या एसटी स्टँडबाहेर संध्याकाळी उभे राहिले की तळणाचा वास नाकात भरतो. हातगाड्यांवर वड्यांचे घाणे निघत असतात. मुंबईला टोमॅटो घेऊन निघालेले पिकअपवाले दोन वडे पोटात ढकलतात, चहा घेतात आणि स्टार्टर मारतात. मंचर, आळेफाटा, ओतूर, घोडेगाव, कुठेही जा, चित्र हेच. पावसाळ्यात माळशेजच्या वाटेवर कांदाभजीच्या टपऱ्या लागतात, श्रावणात भीमाशंकरच्या रस्त्याला. या कढईमागे उभ्या असलेल्या बायाबापड्यांत आणि त्या पिकअपच्या स्टिअरिंगवर बसलेल्या पोरांत आपले समाजबांधव थोडेथोडके नाहीत. जमीन असली तर एखादा एकर कोरडवाहू, नोकरीची वाट बघून बघून वय निघून गेलेले. मग कढई आणि स्टिअरिंग या दोनच गोष्टींवर घराची चूल पेटते.

माझ्या थोरल्या बहिणीच्या घरात तर या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात. ती आंबेगाव तालुक्यात दिलेली. वडा-भजीचा गाडा लावते. तिच्या मुलाने पतसंस्थेचे कर्ज काढून एक जुनी जीप घेतली आणि तो घोडेगाव-मंचर फेऱ्या मारू लागला. एका रविवारी तो माझ्याकडे आला तो मोठ्या उत्साहात.

"मामा, पेपरात आलंय. परदेशात लोक हॉटेलातल्या उरलेल्या तेलावर गाड्या चालवतात. आईच्या गाड्यावर रोजचं तेल उरतंच की. मग डिझेलला पैसे कशाला घालायचे?"

मी मान हलवली. खरे सांगायचे तर मलाही ते पटले होते. त्यात माझाही वाटा आहे म्हणून ही हकीकत लिहितो आहे.

त्याने तेल फडक्यातून गाळले, निम्मे तेल आणि निम्मे डिझेल असे टाकीत घातले. जीप चालली! इंजिनाचा आवाज थोडा मऊ झाला, काळा धूर कमी झाला, आणि मागे बसलेली शाळेची पोरे "काका, वड्याचा वास येतोय" म्हणून हसू लागली. दोन महिने हे असेच चालले. बहिणीने तर शेजारच्या दोन गाड्यांवरचे तेलही मागून आणायला सुरुवात केली.

मग डिसेंबर आला. घोडेगावची डिसेंबरची सकाळ कशी असते ते तिकडच्या वाचकांना सांगायला नको. जीप सुरूच होईना. गाड्यावरचे तेल होते पामतेल, आणि पामतेल थंडीत गोठते. फिल्टरमध्ये तुपासारखा पांढरा गोळा बसला होता. गरम पाणी ओतून, चार जणांनी ढकलून गाडी चालू केली. पण खरा दणका नंतर बसला. जीप चढाला ओढेना, सकाळी पांढरा धूर ओकू लागली. शेवटी मेस्त्रीने इंजिन खोलले. नोझलच्या तोंडावर काजळीचे खडे, पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटून बसलेल्या, आणि खालचे इंजिन ऑइल काकवीसारखे दाट. पंपही उतरवावा लागला. दोन महिन्यांत डिझेलचे जे पैसे वाचले त्याच्या कितीतरी पट खर्च झाला. कर्जाचे दोन हप्ते थकले आणि बहिणीच्या कानातले गहाण पडले.

पोराचा दोष एवढाच की अर्धी माहिती खरी मानली. बुद्धांनी कालामांना जे सांगितले ते आपण विहारात दर वर्षी ऐकतो: कोणी सांगितले म्हणून, कुठे लिहिले आहे म्हणून मानू नका, तपासून पाहा. ऐकले दोघांनीही होते, पण तपासले कोणीच नाही. म्हणून उशिरा का होईना, मी या विषयाच्या मागे लागलो.

इंजिनात नेमके काय होते

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. तिथे पिस्टन हवा इतकी दाबतो की ती प्रचंड तापते आणि त्या तापलेल्या हवेत नोझल इंधनाचा फवारा सोडते. फवारा जितका बारीक तितके ते चांगले जळते. नोझलची भोके केसाएवढी. आता ४० अंश तापमानाला खाद्यतेल हे डिझेलपेक्षा दहापट किंवा त्याच्या आसपास दाट असते. म्हणजे फवाऱ्याऐवजी थेंब पडतात. थेंब पुरता जळत नाही, त्याची काजळी होते, ती नोझलवर आणि रिंगांवर बसते. जो भाग जळत नाही तो रिंगांवरून ओघळून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतो.

आणि पुढचे काय होते ते आमच्या वाचक भगिनींना मेस्त्रीपेक्षा जास्त ठाऊक आहे. कढईच्या कडांना, गॅसमागच्या भिंतीला तेलाचा पिवळा, चिकट थर बसतो ना, जो साबणानेही निघत नाही आणि नखाने खरवडावा लागतो? खाद्यतेल उष्णता आणि हवा यांच्या संगतीत असे राळेसारखे बनते. तोच थर इंजिनाच्या पोटात बसला की इंजिन बसलेच.

शिवाय आपले तेल काही कोरे तेल नव्हे. त्यात बटाट्याचे पाणी, मीठ, बेसनाचा चुरा. फडक्याने चुरा अडतो, पाणी अडत नाही आणि बारीक गाळही अडत नाही. पाण्याने पंपाला गंज चढतो. पुन्हा पुन्हा तळून तेलात आम्ले तयार झालेली असतात, ती धातू खातात.

मग परदेशात चालते ते कसे? तेही खोटे नाही. तिथे हौशी लोक जुन्या डिझेल गाडीला दुसरी टाकी बसवतात. गाडी सुरू करायची साध्या डिझेलवर. इंजिन तापले की रेडिएटरचे गरम पाणी नळीने तेलाच्या टाकीभोवती फिरवून तेल सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत तापवायचे, मग खटका बदलून तेलावर जायचे, आणि थांबण्याआधी काही मिनिटे परत डिझेलवर यायचे, म्हणजे नळ्या धुऊन निघतात. तेल आधी कित्येक दिवस स्थिर ठेवून पाणी खाली बसवायचे, मग बारीक फिल्टरमधून गाळायचे. एवढा सोपस्कार केला तर जुन्या पद्धतीचे, स्वतंत्र छोट्या कक्षात इंधन पेटवणारे इंजिन हे सहन करते. आकुर्डीहून निघालेल्या जुन्या टेम्पो ट्रॅक्समध्ये मर्सिडीजच्या परवान्यावर बनलेले तसे इंजिन होते. शेतावरची जुनी, संथ चालीची, धडधडणारी इंजिनेही बरेच काही पचवतात. त्यांना आपल्या लोकांनी रॉकेलसुद्धा पाजले आहे.

पण वडापची जीप दर फाट्यावर थांबते. घोडेगावहून निघून मंचरला पोचेपर्यंत इंजिन तापते न तापते तोच खटका परत डिझेलवर टाकायची वेळ. हौशी माणूस लांबच्या प्रवासाला निघतो, त्याची गाडी बिघडली तर तो बसने घरी जातो. आपली गाडी बिघडली तर घरी संध्याकाळचे जेवण बिघडते. हा फरक पेपरातल्या बातमीत लिहिलेला नसतो.

ज्यांनी नवी पिकअप घेतली आहे त्यांनी तर हा विचार मनातही आणू नये. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानकाच्या गाड्या विकल्या जात आहेत. त्यांतली नोझल हवेच्या दाबाच्या हजारपटीहून जास्त दाबावर काम करते, धूर गाळणारी यंत्रणा वेगळीच नाजूक. कच्चे तेल गेले की वॉरंटीही गेली. नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या इंधनापेक्षा वेगळे इंधन जाळण्यासाठी गाडीत फेरफार केला तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आडवे येते, आणि अपघात झाला तर विमावाल्यांना हात झटकायला तेवढे कारण पुरते.

शिवाय साधा हिशोब. दिवसाला शंभर किलोमीटर चालणारी पिकअप लिटरला बारा किलोमीटर देत असेल तर तिला आठ-साडेआठ लिटर इंधन लागते. एका गाड्यावर टाकून देण्याजोगे तेल रोज दोन लिटर उरले असे धरले (आणि हे मी सढळ हाताने धरतो आहे) तरी एका पिकअपला चार-पाच गाडे लागले. म्हणजे एका बाजारपेठेतल्या सगळ्या कढया मिळून दोन-तीन गाड्या चालणार. बहिणीच्या एका गाड्यावर तर तिच्या मुलाची दोन फेऱ्यांचीही सोय होत नव्हती.

कल्पना जुनीच आहे

आणि तरीही ही कल्पना वेडगळ नाही. उलट डिझेल इंजिनाच्या जन्मापासून ती त्याच्याबरोबर आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन १८९७ साली यशस्वी झाले आणि १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ओट्टो कंपनीने एक छोटे डिझेल इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले. ते इतके सुरळीत चालले की बघणाऱ्यांतल्या फार थोड्यांना ते कळले, असे खुद्द डिझेलने पुढे १९१२ मध्ये नमूद केले. यामागे फ्रेंच सरकारची इच्छा होती. आफ्रिकेतल्या त्यांच्या वसाहतींत भुईमूग मुबलक होता, तिथली यंत्रे तिथल्याच तेलावर चालली तर कोळसा आणि खनिज तेल वाहून न्यायला नको. पुढे खनिज तेल स्वस्त झाले आणि इंजिने त्या पातळ तेलाच्याच मापाने बनू लागली. दुसऱ्या महायुद्धात खनिज तेलाची टंचाई झाली तेव्हा आपल्या देशातल्या शास्त्रज्ञांनी भारतीय वनस्पती तेलांवर डिझेल इंजिने चालवून पाहिली, १९४२ मध्ये त्याचे निष्कर्षही छापून आले.

त्यातले एक तेल करंजाचे. जुन्नरकरांना करंज ओळखीचा. त्याच्या कडू तेलाचे दिवे जळायचे, खरजेला ते लावायचे. पण या झाडाचा आणि जुन्नरचा संबंध त्याहून फार जुना आहे. मानमोडीच्या डोंगरातील बौद्ध लेण्यांत इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतला एक दानलेख आहे. कोणाचिक येथील श्रेणीतला आडुथुम नावाचा शक उपासक वडालिका गावची २० निवर्तने जमीन करंजाच्या झाडांसाठी आणि कटपुटक गावची ९ निवर्तने वडाच्या झाडांसाठी देतो, असा त्याचा अर्थ लावला जातो. निवर्तन हे त्या काळचे जमिनीचे माप. करंज दिव्याच्या तेलासाठी, औषधासाठी की नुसत्या सावलीसाठी, ते लेख सांगत नाही. पण बाहेरून आलेला एक उपासक भिक्खुसंघासाठी तेलबियांचे झाड निवडतो, हे मला तरी अर्थपूर्ण वाटते. जुन्नरच्याच लेखांत बांबूकाम करणाऱ्यांची, कासारांची, धान्य व्यापाऱ्यांची श्रेणी भेटते. नाशिकच्या लेण्यात तर तेल गाळणाऱ्यांच्या श्रेणीकडे ठेव ठेवून तिच्या व्याजातून आजारी भिक्खूंना औषध देण्याची व्यवस्था विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने केलेली आहे. कष्टकऱ्यांचा व्यवहार किती चोख असावा, की त्यांच्या शब्दावर दानाची रक्कम सोपवावी!

आपल्या काळात सरकारनेही वनस्पती तेलाचा नाद केला. ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्स्प्रेस ५ टक्के बायोडिझेल मिसळून धावली. २००४ मध्ये भावनगरच्या सरकारी संशोधन संस्थेने मोगली एरंडाच्या बियांपासून बनवलेल्या बायोडिझेलवर मर्सिडीजच्या मोटारी देशभर सुमारे ५,९०० किलोमीटर फिरल्या. त्या काळात "पडीक जमिनीत मोगली एरंड लावा, सोने पिकेल" असे सांगणारे गावोगाव फिरले. पडीक जमिनीत पाण्यावाचून बी फारसे धरलेच नाही. गरिबाच्या जमिनीवर प्रयोग करायला कोणाचे काय जाते?

बायोडिझेल म्हणजे वेगळी वस्तू

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. वडे तळलेले तेल आणि बायोडिझेल या दोन गोष्टी एक नव्हेत. तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा योग्य प्रमाणात घालून तापवले की तेलाचे मोठे रेणू फुटतात, ग्लिसरीन खाली बसते आणि वर राहते ते बायोडिझेल. ते डिझेलच्या बरेच जवळ जाते, नोझलमधून फवारा नीट पडतो. त्याला भारतीय मानक आहे, ठराविक प्रमाणात डिझेलमध्ये मिसळून ते वापरता येते. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे लक्ष्य ठेवले आहे.

हे वाचून कोणी तरुण घराच्या मागच्या पडवीत पिंप मांडून बसेल, म्हणून कळकळीने सांगतो: ते करू नका. मिथेनॉल म्हणजे तेच, जे विषारी दारूत असते. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून जास्त माणसे त्यानेच गेली, आणि ती कोणाच्या वस्तीतली होती ते आपण जाणतो. त्याची वाफही घातक, ते भडकन पेट घेते आणि ज्वाळा उजेडात दिसतसुद्धा नाही. हे काम परवाना असलेल्या कारखान्याचे. तसेच हायवेवर "बायोडिझेल" म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या द्रवापासून ड्रायव्हर बंधूंनी दूर राहावे. त्या नावाखाली भलतेच काही विकणाऱ्यांवर महाराष्ट्रात छापे पडले आहेत.

मग आपल्या कढईतल्या तेलाचे काय? ते या कारखान्यांना हवे आहे. देशाच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १० ऑगस्ट २०१८ रोजी वापरलेले खाद्यतेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करण्याची योजना सुरू केली. २०१९ मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी अशा बायोडिझेलला पहिल्या वर्षी लिटरला ५१ रुपये भाव देऊ केला. आज जगात वापरलेल्या तेलापासून विमानाचे इंधनही बनते. तेल गोळा करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांची यादी प्राधिकरणाकडे मिळते. अडचण एवढीच, की एका गाड्याच्या दोन लिटरसाठी कोणी टेम्पो पाठवत नाही. दहा-पंधरा गाडेवाल्यांनी, किंवा विहारातल्या महिला बचत गटाने, एका ठिकाणी पिंप भरून ठेवले तर बोलणी होऊ शकतात. भाव ठरवताना वजन करून, पावती घेऊन द्यावे आणि नेणाऱ्याचा परवाना पाहावा.

परवाना का पाहायचा, याचे कारण या लेखातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे.

काळे तेल कुठे जाते

वापरलेले तेल गाडीत जात नाही, नाल्यातही सगळे जात नाही. बरेचसे परत कढईतच जाते. मोठ्या हॉटेलातून लहान हॉटेलात, तिथून हातगाडीवर. जितका गरीब खाणारा, तितके काळे तेल. ऊसतोडीचे मजूर, बाजार समितीतले हमाल, शाळा सुटल्यावर पाच-दहा रुपये घेऊन आलेली आपलीच पोरे शेवटच्या कढईचे गिऱ्हाईक असतात.

तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात शरीराला घातक घटक तयार होतात. ते मोजण्याचे एक माप आहे. १ जुलै २०१८ पासून हे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलेले तेल खाण्यासाठी वापरणे कायद्याने बंद आहे. दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल तळणाला वापरणाऱ्यांनी १ मार्च २०१९ पासून त्याची नोंद ठेवायची आणि टाकाऊ तेल मान्यताप्राप्त संस्थेलाच द्यायचे. हातगाडी एवढे तेल वापरत नाही, म्हणून तिला नोंदवही नाही. पण २५ टक्क्यांची मर्यादा तिलाही आहेच, आणि हृदयविकार हातगाडीचा वडा आणि हॉटेलचा वडा असा भेद करत नाही.

मोजायचे यंत्र आपल्याकडे नसले तरी डोळे आणि नाक आहे. तेल काळपट झाले, पळीतून धार दाट पडू लागली, वडा सोडल्यावर फेस येऊन लवकर विरेना, आच मंद असताना धूर निघू लागला, किंवा खवट वास आला, तर ते तेल संपले. त्यात वरून नवे तेल ओतल्याने ते नवे होत नाही. नवेच लवकर खराब होते. घरी सणाला तळण केले तर तेल गाळून ठेवावे, दोन दिवसांत भाजीला संपवावे, महिनाभर झाकून ठेवू नये. आणि मोरीत ओतू नये. ते पाइपात थिजते.

आमच्या बहिणीला हे सगळे सांगितले तेव्हा ती गप्प बसली. मग म्हणाली, "अरे, वरून नवं तेल मीही ओततच होते. तेल फेकायचं म्हणजे पैसेच फेकायचे. घाणा कमी करू का वडा महाग करू, सांग." मला उत्तर देता आले नाही. तिचे तिनेच काढले. लहान कढई घेतली. मोठ्या कढईत दिवसभर जास्त तेल तापत राहायचे, लहानीत लागेल तेवढेच तापते आणि संध्याकाळी उरते ते थोडे. वडा एक रुपयाने महाग केला. आठ दिवस गिऱ्हाईक कुरकुरले, पण आले.

भाच्याची जीप आता साध्या डिझेलवर आहे. हप्ते सुरळीत झाले, कानातले अजून सुटायचे आहे.

उरलेले तेल बहीण पंधरा किलोच्या रिकाम्या डब्यात साठवते. शेजारच्या दोन गाड्यांचेही त्यातच पडते. मध्यंतरी एक माणूस आला, चांगला भाव देतो म्हणाला. "कशाला पाहिजे?" असे विचारल्यावर "फरसाणाला" असे त्याच्या तोंडून निघून गेले. तिने डबा दिला नाही. दुसऱ्या दिवशी मुलाकडून त्या डब्यावर लाल रंगाने मोठ्या अक्षरांत लिहून घेतले: खाण्यासाठी नाही.